उजवा खांदा

बारामतीच्या त्या व्यायामाच्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी घोटाळा झाला, तो एका शब्दावरून. त्यात व्यायाम घेणाऱ्या स्वरूपा मॅडमची चूक म्हणाल तर एवढीच, की त्या पुण्यात वाढल्या होत्या आणि इंग्रजीतून शिकल्या होत्या. मराठी त्यांना चांगली येत होती. पण कुठला शब्द कुणापुढं काढू नये, हे शाळेत शिकवत नाहीत.

एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याचा लांबट हॉल होता. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या आणि अंगावरून वारं गेलेली माणसं त्यांच्यावर येऊन बसायची. डॉक्टर त्याला मेंदूतली गुठळी म्हणोत नाहीतर आणखी काही, इंदापूर-बारामतीकडं ते वारंच. कुणाची उजवी बाजू गेलेली, कुणाची डावी. मॅडमनी जोड्या लावल्या, उजवी गेलेल्याशेजारी डावी गेलेला. खुर्चीला न धरता उठून उभं राहायचं आणि एकाचा तोल गेला तर दुसऱ्यानं टेकू द्यायचा, असा तो व्यायाम. सगळे सरसावून बसले तशा मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या, "चला, आता एकमेकांना खांदा द्या."

पुढं केलेले हात सगळ्यांनी मागं घेतले.

बोरीच्या कौसल्याबाईंचं तोंड वाऱ्यानं वाकडं झालं होतं, पण जीभ शाबूत होती. "मॅडम," त्या म्हणाल्या, "आमी अजून जित्तं हाव."

"आन् सगळंच आडवं झालो तर न्हेणार कोण, ते बी ठरवून ठिवा," पलीकडून साहेबराव म्हणाले.

मग जो हशा पिकला, त्यात ज्यांना धड हसता येत नव्हतं तेही अर्ध्या तोंडानं हसले. मॅडम बिचाऱ्या गोंधळून उभ्या. शेवटी साहेबरावांच्या बायकोनं, मालनबाईंनी, त्यांच्या कानात अर्थ सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांनी सगळ्यांची माफी मागितली, पण उपयोग झाला नाही. शब्द एकदा हॉलमध्ये शिरला तो शिरला. पुढं कुणाचा तोल गेला की शेजारचा स्वतःच म्हणायचा, घ्या, खांदा घ्या.

एक माणूस मात्र त्या दिवशी हसला नाही. ते कळंबचे रामहरीनाना.

नानांची उजवी बाजू गेली होती. उसाला पाणी देताना सरीचं तोंड फोडायला वाकले आणि खोऱ्यासकट चिखलात पडले, ते मुलाला, विजयसिंहाला, दुपारी सापडले. जीव वाचला. पाय ओढत का होईना, काठी टेकत चालू लागले. उजवा खांदा मात्र खोबणीतून खाली उतरला आणि हात दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखा लोंबत राहिला.

तो खांदा साधा नव्हता. नानांनी त्याच खांद्यावर बापाला नेलं होतं. धाकटा भाऊ मोहनराव ऐन उमेदीत गेला, त्यालाही त्याच खांद्यावर. तिरडीची डावी बाजू, पुढचा दांडा, उजवा खांदा. घरात ते ठरूनच गेलेलं होतं. आता राहिली होती आई. कुशाबाई नव्वदीच्या पुढं गेलेली, पडवीतल्या बाजेवर अंथरुणाला खिळलेली, पण डोकं लख्ख. नवरा आणि एक लेक दारातून जाताना तिनं पाहिलेला, त्यामुळं मरणाबद्दल ती बाजारहाटाबद्दल बोलावं तसं बोलायची. "मला काय बी नगं," ती कितीदा तरी म्हणाली होती. "तेराव्याला गोड केलं न्हाय तरी चालंल. पर ह्या घरातनं निघंन ती रामाच्या खांद्यावरनं."

नाना दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी विजयनं त्यांना धरून तिच्या बाजेपाशी नेलं. म्हातारीनं तो लोंबणारा हात आपल्या हातात घेतला, दंडावरून वर चाचपत खांद्यापर्यंत गेली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बरा हो. तवर मी थांबती."

घरातल्यांनी ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. नानांना ते सोडता आलं नाही. त्या थंडीत म्हातारीला खोकल्यानं इतकं घेरलं, की डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला बोलावून कोण कुठं लांब असेल त्याला कळवून ठेवा असं सांगितलं. म्हातारी चार दिवस डोळे मिटून पडली आणि पाचव्या दिवशी तिनं चहा मागितला. सगळ्यांना आनंद झाला. नानांना तो आनंद नीट घेताच आला नाही, कारण तिच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या, कूस बदलताना ती कण्हत होती, आणि हे सगळं ती कुणासाठी सोसते आहे हे त्यांना ठाऊक होतं.

तर अशा माणसाला मॅडमनी दुसऱ्या आठवड्यात विचारलं, "तुम्हाला बरं होऊन काय करायचं आहे?"

सगळ्यांनाच विचारलं होतं. कौसल्याबाईंना दोन हातांनी भाकरी थापायची होती. सणसरच्या आबाजींना सदऱ्याची गुंडी स्वतः लावायची होती, कारण सून लावताना हसते असं त्यांना वाटायचं. साहेबराव इंदापूर डेपोतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मला एसटीत माझ्या पायानं चढायचंय. जन्मभर गाडी हाकली, आन् आता कंडक्टर काखंत हात घालून चढिवतोय. लाज वाटती."

नानांची पाळी आली. काय सांगणार? आई घरात जिवंत आहे आणि तिची तिरडी उचलायची आहे, असं चारचौघांत कुठला मुलगा बोलेल? शेवटी त्यांनी डाव्या हातानं उजव्या बाजूला बोट लावलं आणि म्हणाले, "खांदा."

"दुखतोय का?" मॅडमनी विचारलं.

नाना जे गप्प बसले, त्याचा अर्थ मॅडमनी होकार असा घेतला. त्या दिवसापासून नानांच्या खांद्याला शेक सुरू झाला. कप्पीवरची दोरी ओढायला लावली, भिंतीवर बोटं चढवायला लावली, हातात काठी देऊन डाव्या हातानं उजवा वर न्यायला लावला. मॅडम मन लावून करत होत्या. त्यांना वाटत होतं आपण दुखणं घालवतो आहोत.

खरं काय ते ओळखलं साहेबरावांनी.

साहेबरावांची डावी बाजू गेलेली, म्हणून हॉलमध्ये ते नानांचे जोडीदार. आणि येताना-जाताना गाडीही एकच. ते इंदापुरातून बसायचे, विजय नानांना मोटारसायकलवरून जंक्शन गावच्या थांब्यावर आणून सोडायचा, आणि साहेबरावांनी आपल्या शेजारची जागा पिशवी ठेवून धरलेली असायची. पहिल्या दिवशी साहेबराव "जय भीम" म्हणाले, नाना "राम राम" म्हणाले. पुढं दोघांनी अदलाबदल केली. नाना "जय भीम, साहेबराव" म्हणत खाली टेकायचे आणि साहेबराव हात वर करून "राम राम, नाना" म्हणायचे. मग बारामती येईपर्यंत साहेबराव गाडीवरच्या ड्रायव्हरच्या चुका काढायचे. ह्यानं गिअर उशिरा टाकला, ह्यानं ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवली. त्या ड्रायव्हरला ते ऐकू जायचं, पण म्हातारा आपल्याच खात्यातला म्हणून तो ऐकून घ्यायचा.

एकदा लासुर्णे मागं पडल्यावर साहेबरावांनी बाहेर बघत विचारलं, "नाना, आई हाय न्हवं तुमची?"

"हाय."

"वाटलंच मला. त्यो खांदा दुखण्याचा न्हाय."

नानांनी मान खाली घातली. मग सगळंच सांगितलं, बापाचं, मोहनरावाचं, म्हातारी थांबली आहे ते.

"डावा खांदा चालत न्हाय व्हय?"

"तिला उजवा पायजे. आन् डाव्यावर घेतलं तरी पाय उजवाच उचलावा लागणार की. खांदा म्हंजे काय नुसता खांदा असतोय? खाली पाय लागत्यात."

त्यानंतर साहेबरावांनी ड्रायव्हरची एकही चूक काढली नाही. बारामतीचं स्टँड आलं तेव्हा म्हणाले, "मग सराव करा. वजन मी देतो."

त्या दिवशी हॉलमध्ये चालण्याचा व्यायाम आला तेव्हा साहेबरावांनी जोडी उलटी केली. मॅडमची शिकवण अशी, की चांगल्या बाजू आत ठेवायच्या. साहेबराव मुद्दाम नानांच्या उजवीकडं गेले, दोघांच्या अधू बाजू एकमेकींना लागल्या. मग त्यांनी उजव्या हातानं आपला निर्जीव डावा हात उचलला आणि नानांच्या उतरलेल्या खांद्यावर ठेवून दिला.

"मेलेला हात हाय," ते म्हणाले. "वजन बी मेल्याचंच हाय. न्ह्या."

नाना दोन पावलं गेले आणि दोघेही भेलकांडले. कौसल्याबाई ओरडल्या, मॅडम धावत आल्या. मॅडमना असं रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. खोबणीतून सुटलेल्या खांद्यावर वजन टाकणं म्हणजे काय याची तुम्हाला कल्पना आहे का, हा हात कायमचा जाईल, असं त्या बोलल्या. साहेबराव म्हणाले, "नाना, आता सांगा. न्हायतर मी सांगतो."

मग नानांनी सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. ऐकून झाल्यावर त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "मी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं, काय पायजे," नाना म्हणाले. "आई मरावी असं कसं मागू?"

मॅडमनी डोळे पुसले, अगदी सगळ्यांदेखत. मग खुर्ची ओढून बसल्या आणि कामाचं बोलल्या. आधी पाय, मग कंबर, मग पाठ, खांदा सगळ्यात शेवटी. किती लांब न्यायचं असतं? नाना म्हणाले, विसाव्यापर्यंत, तिथं तिरडी खाली टेकवतात. पण वाटेत चार पावलांवरही खांदा बदलता येतो. घरातून उचलून चार पावलं टाकली तरी मुलानं नेलं असं होतं. "मग आपण चार पावलांपासून सुरू करू," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून हॉलमध्ये त्या शब्दावरून कुणी थट्टा केली नाही. आबाजींनी तर एक दिवस वेळूची एक जाड काठी कुठून तरी आणून कोपऱ्यात उभी करून ठेवली. कशासाठी ते सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

उसाच्या गाड्या रस्त्यावर होत्या तेव्हा नाना काठीवर चालत होते. कारखान्याचा हंगाम संपून रस्ता मोकळा झाला तोवर हॉलमधल्या हॉलमध्ये बिनकाठीचे फिरू लागले. खांदा हळूहळू खोबणीत बसला. हात कानापर्यंत जाऊ लागला. मॅडमनी परवानगी दिली तेव्हा साहेबरावांनी पुन्हा आपला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि ती जोडी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डुलत डुलत गेली. साहेबरावही सुधारत होते. बारामती स्टँडवर ते आता एका हातानं दांडा धरून गाडीत चढायचे, फक्त शेवटच्या पायरीला कंडक्टरकडं बघायचे.

आणि नेमकं तेव्हाच नानांनी कच खाल्ली.

झालं असं, की एका संध्याकाळी घरी त्यांनी उजव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलून आईच्या तोंडाला लावला. सून सुप्रिया कौतुकानं बघत राहिली. म्हातारी घोट घोट पाणी प्याली आणि म्हणाली, "आता लई दिस न्हाय लागायचं." ती नानांच्या हाताबद्दल बोलली की स्वतःबद्दल, कोण जाणे. पण नानांनी तांब्या खाली ठेवला. आजवर हे त्यांना इतकं जवळून दिसलं नव्हतं, की खांदा बरा होण्याच्या वाटेवर आईचं जाणं उभं आहे. आपण दर मंगळवारी आणि शुक्रवारी बारामतीला जाऊन आईला एकेक पाऊल पुढं लोटतो आहोत, असं त्यांना वाटायला लागलं.

मग एका शुक्रवारी पोट बिघडलं, एका मंगळवारी पाहुणे आले. गेले तरी हॉलमध्ये हात अर्धाच वर करायचे. मॅडमना वाटलं थकवा आला असेल. साहेबरावांना तसं वाटलं नाही.

"नाना," गाडीत ते म्हणाले, "गाडी न्यूट्रलला टाकलीया तुमी."

नानांनी दडवलं नाही. "मी बरा झालो की ती जाती, साहेबराव."

"आन् न्हाय झाला तर ऱ्हाती व्हय?"

"म्हणती तसं."

"तिला म्हणू द्या की. आई हाय, ती म्हणणारच." साहेबरावांनी खिडकीच्या गजावर बोट वाजवलं. "नाना, मी जन्मभर गाडी सोडली. टायम झाला का गाडी सुटती. ज्येला बसायचंय त्यो बसतोय, मागनं पळत येणारा ऱ्हातोय. ड्रायव्हरच्या हातात काय नसतंय. तुमच्या खांद्याच्या हातात बी न्हाय. तुमी फकस्त फलाटावर हजर ऱ्हावा, म्हंजे झालं."

नानांना ते पटलं की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण पुढच्या मंगळवारी ते वेळेवर जंक्शनला आले. विजय त्यांना सोडून गेला. इंदापूरची गाडी लागली. नानांनी सवयीनं खिडकीकडं पाहिलं. जागेवर पिशवी नव्हती आणि साहेबरावही नव्हते.

कंडक्टर खाली उतरला. रोजचा होता. त्यानं आज काखेत हात घातला नाही, समोर उभा राहिला. "नाना, ड्रायव्हरकाका पहाटं गेले," तो म्हणाला. "झोपेतच. दुपारी न्हेणार हायत."

गाडी बारामतीकडं निघून गेली. नाना रस्ता ओलांडून पलीकडं गेले. इंदापूरकडं जाणारी गाडी आली. चढताना चांगला पाय आधी, हे मॅडमचं वाक्य आठवून त्यांनी डाव्या हातानं दांडा धरला, डावा पाय ठेवला आणि उजवा ओढून घेतला. तीनही पायऱ्या चढून आत जाऊन बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की त्यांना कुणी हात दिला नव्हता. आणि हे जाऊन ज्याला सांगावं असा एकच माणूस होता.

जन्मभर नाना इंदापूरच्या बाजाराला येत होते, तहसिलीत खेपा घालत होते. पण साहेबरावांच्या वस्तीत त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. विचारत विचारत पोचले. दारात पांढरे कपडे घातलेली माणसं बसली होती. मालनबाईंनी त्यांना पाहिलं आणि उठून आल्या.

"नाना, जोडीदार गेला तुमचा," त्या म्हणाल्या, आणि इतका वेळ कोरड्या असलेल्या त्या बाईला तिथं हुंदका फुटला.

साहेबरावांना पांढऱ्या वस्त्रात निजवलं होतं. डावा हात उजव्या हातासारखाच छातीवर ठेवलेला. आता दोन्ही सारखेच होते. नाना वाकून म्हणाले, "जय भीम, साहेबराव." आणि थोडा वेळ तसेच वाकून राहिले, कारण त्यावर "राम राम" ऐकायची सवय होती.

उचलायची वेळ आली तेव्हा ते मुलापाशी गेले. मुलाचं नाव धम्मदीप, बँकेत नोकरीला. "मला खांदा द्यायचाय," नाना म्हणाले.

धम्मदीपनं त्यांच्या पायाकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं. "काका, नुसता हात लावा. तेवढं पुरे."

"हात न्हाय. खांदा."

कुणीतरी म्हणालं, म्हातारबाबा पडतील, उगीच अवघड होईल. तेवढ्यात विजय येऊन पोचला; कंडक्टरनंच त्याला फोन केला होता. तो गर्दीतून पुढं झाला. "नाना, ऐका माझं. आजी घरी हाय. तिच्यासाठी राखून ठिवलाय न्हवं खांदा? पडलासा तर..."

"ह्यो खांदा त्येनीच केलाय," नाना म्हणाले. "पयला हक्क त्येंचा."

मालनबाई म्हणाल्या, "धम्मा, देऊ दे त्यांना."

डावी बाजू, पुढचा दांडा. नानांनी काठी विजयच्या हातात दिली. चौघांनी मिळून उचललं आणि बांबू उजव्या खांद्यावर टेकला. नानांचे डोळे भरून आले ते वजनानं नव्हे. ते वजन ओळखीचं होतं. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कितीदा तरी त्यांनी ते नेलं होतं.

"बुद्धं सरणं गच्छामि," मागून आवाज उठला, संथ, एका लयीत. नानांनी त्या लयीवर पाऊल टाकलं. डावा. मग कंबरेतून उजवा. पुढच्या शब्दाला डावा. चालण्याच्या व्यायामाला मॅडम टाळ्या वाजवायच्या तसंच ते होतं. चार पावलं झाली. धम्मदीप शेजारून हळूच म्हणाला, काका, बदलू? नानांनी मानेनंच नको म्हटलं. गल्ली संपत आली. विजय मागून चालत होता, दोन्ही हात पसरून, बापाला न शिवता, लहान पोर चालायला शिकतं तेव्हा त्याच्यामागं चालतात तसा. आजूबाजूची माणसंही आपली चाल कमी करून त्यांच्या पायाच्या चालीनं चालू लागली होती. सगळी वस्ती त्या दिवशी एका अधू पायाच्या वेगानं निघाली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर नाना थांबले आणि म्हणाले, "आता घ्या कुणीतरी." खांदा सोडला तेव्हाही ते आपल्या पायावर उभे होते.

घरी यायला ऊन उतरलं. प्रयागबाईंनी, त्यांच्या बायकोनं, बाहेरच पाणी काढून ठेवलं होतं. अंघोळ करून, कोरडे कपडे घालून नाना पडवीत आले आणि बाजेच्या कडेला बसले.

म्हातारी जागीच होती. "कुणाला पोचवून आलास?"

"ड्रायव्हरसायेब गेलं, आई."

"तुझा जोडीदार?"

"व्हय."

तिनं सुस्कारा टाकला. नानांना पुढचा प्रश्न दिसत होता आणि तो येऊ नये असं वाटत होतं.

"खांदा दिलास?"

आईशी ते कधी खोटं बोलले नव्हते. "दिला."

"उजवा?"

"उजवाच."

"कुठवर न्हेलंस?"

दारात विजय उभा होता. तो सगळं पाहून आला होता. नानांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. "चारच पावलं," ते म्हणाले. "जमलं न्हाय पुढं. मग दुसऱ्यानं घेतला."

म्हातारीनं हात वर केला. काटकीएवढा हात, पण तो नेमका जायचा तिथं गेला, सदऱ्याच्या गळ्यातून आत. बांबूनं खांद्यावर जाडजूड वळ उठवला होता, सोललं होतं तिथं ओलसर लागत होतं. तिची बोटं त्या वळाच्या एका टोकापासून निघाली आणि सावकाश दुसऱ्या टोकाला पोचली. तिनं दोन माणसांना दारातून जाताना पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा लेकाच्या खांद्याला हळद लावली होती. किती पावलांना कसा वळ उठतो, हे तिला सांगायला नको होतं.

"चार पावलं," ती म्हणाली.

"व्हय, आई."

बोटं खांद्यावरच राहिली.

"मग अजून लई शिकायचं ऱ्हायलंय तुझं," ती म्हणाली. "शुक्रवारी जा बारामतीला. मी थांबती."

मग तिनं सुप्रियाला हाक मारून हळद मागितली.